जगन्नाथची रेखा

रेखा भामरेला गर्व होता, आणि तो तिने कधी लपवला नाही. ओहायोतल्या होम्स काउंटीत रस्त्याच्या कडेने अजून घोड्यांच्या बग्ग्या चालतात, आणि घरात विजेची तार येऊ द्यायची नाही हे लोकांनी पिढ्यानपिढ्या ठरवून ठेवलंय. तिथे पंचेचाळीस वर्षं डॉक्टरकी केलेली ही धुळे जिल्ह्यातली बाई. आमिश लोकांच्या दोन पिढ्या तिच्या हातांत जन्मल्या. पण गर्व त्याचा नव्हता. बाळंतपणं काय, शिकलेला कुठलाही डॉक्टर करतो. गर्व होता तो भाषेचा.

आमिश लोक घरात एक जुनी जर्मन बोलतात. ते तिला डाइच म्हणतात. परका माणूस दारात आला की अख्खं घर इंग्रजीवर येतं, हा तिथला रिवाज. त्यात अपमान नसतो, पाहुणचारच असतो, पण उंबरठा कुठे आहे ते कळतं. रेखा दारात आली की मात्र कुणी इंग्रजीवर येत नसे. चुलीपाशी जे चाललेलं असेल ते डाइचमध्येच पुढे चालू राही आणि कुणीतरी पायानेच तिच्यासाठी स्टूल सरकवी. काउंटीत बाहेरच्यांपैकी हे सुख तिच्या एकटीच्या वाट्याला आलं होतं, आणि ते एकटीचंच राहावं असं तिला मनातून वाटत असे.

त्या लोकांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची, आपली आणि ‘इंग्लिश’. पलीकडच्या गल्लीतला गोरा फार्मासिस्ट इंग्लिश, पोस्टमन इंग्लिश आणि साक्री तालुक्यातून आलेली सावळी डॉक्टरीणही इंग्लिश. पहिल्या वर्षी हे कळलं तेव्हा रेखा पोट धरून हसली होती. तिचे आजोबा बेचाळीस साली तुरुंगात जाऊन आलेले. नात इंग्लिश झाली हे ऐकून त्यांनी जेवण सोडलं असतं.

तिचं इंग्लिशपण संपलं ते फॅनीच्या तिसऱ्या बाळंतपणात. फॅनी योडर तेव्हा तरणीताठी, आडव्या बांध्याची, कळा सोसताना ओठ दाबून धरणारी बाई. मूल झालं, नाळ कापली, आणि दमलेल्या फॅनीने रेखाचा हात धरून विचारलं, “वेम साय मेडल बिश्त दू?” तू कुणाची पोर?

रेखाच्या अंगावर काटा आला. आमिश गावात आडनावं जेमतेम मूठभर, नावंही तीच ती. म्हणून माणूस ओळखायचा तो बापाच्या नावाने, आजाच्या नावाने. जेकबची मेरी, एलायच्या जेकबची मेरी. आणि हा प्रश्न फक्त आपल्या माणसाला विचारायचा असतो, परक्याचा बाप कोण याच्याशी कुणाला काय देणंघेणं? पण रेखाच्या अंगावर काटा आला तो त्याने नव्हे. तिच्या गावात, बांधावरून जाणाऱ्या कुठल्याही पोरीला म्हाताऱ्या हेच विचारत, अगदी ह्याच सुरात. “कोनी पोर शे तू?” अहिराणीत. घरची भाषा तिला अशी सात समुद्रांपलीकडे, जर्मनचं लुगडं नेसून भेटली.

“जगन्नाथची,” ती म्हणाली होती. मग फॅनीने जगन्नाथची सगळी चौकशी केली. शेत किती लांब, पेरतो काय, जनावरं कोणती. बाजरी आणि भुईमूग तिला कळले नाहीत, पण बैलजोडी आहे म्हटल्यावर तिने समाधानाने मान हलवली. ट्रॅक्टर न वापरणारा माणूस तिच्या हिशेबी सज्जनच. त्या दिवसापासून रेखा त्या मुलखात जगन्नाथची रेखा झाली. तिच्या दाराच्या पाटीवर काय लिहिलंय याला तिथे कुणी विचारत नसे.

आता रेखाने सत्तरी ओलांडली होती. नवरा, उल्हास, जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगा ऋषी क्युपर्टिनोहून दर रविवारी फोनवर तेच सांगे. “आई, बास यार आता. रिटायर हो. इकडे ये, थंडी नाही, मंदिर आहे, मराठी मंडळ आहे.” तिलाही गुडघ्यांनी तेच सांगायला सुरुवात केली होती. अडचण एकच होती. गावकऱ्यांनी स्वतःच्या खर्चाने चालवलेलं छोटं प्रसूतिगृह रेखाच्या नावावर उभं होतं. डॉक्टर नसेल तर ते बंद करावं लागणार, आणि बायकांना तासभर लांबच्या मोठ्या हॉस्पिटलात जावं लागणार. बग्गीतून कळा देत कोण जाणार? त्या घरीच बाळंत होणार, आणि त्यातल्या एखादीचं काय होईल हे रेखाला चांगलं ठाऊक होतं. ईस्टरला गावची मंडळी बसून ठरवणार होती, नवीन डॉक्टर ठेवायची की घराला कुलूप लावायचं.

नवीन डॉक्टर नोव्हेंबरात आली. रुचा करमरकर, पुण्याची, कोथरूडची. व्हिसाच्या नियमामुळे तिला तीन वर्षं अशाच डॉक्टर नसलेल्या भागात काढायची होती. नवरा सिद्धेश दूर कॅरी शहरात औषधांच्या कंपनीत, महिन्यातून दोनदा विमानाने येणारा. मुलगी हुशार होती, हात स्वच्छ आणि नेमका चालणारा, हे रेखाने पहिल्या दिवशीच पाहिलं. आणि पहिल्याच दिवशी मुलगी म्हणाली,

“मॅम, मला लँग्वेजचा काहीच प्रॉब्लेम येणार नाही. आठवीपासून जर्मन केलंय मी. सी-वनची एक्झाम डिस्टिंक्शनमध्ये क्लिअर केलीय.”

“मॅम नको, मावशी म्हण,” रेखा म्हणाली. भाषेबद्दल सांगता आलं असतं, पण सांगितलं नाही. बघू तरी, असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्यात थोडी दुष्टाई होती.

झालं ते रेखाच्या अपेक्षेप्रमाणेच. रुचाने पहिल्या बाईला तपासायला घेतलं आणि पुण्याच्या क्लासमध्ये घोटलेल्या सुंदर, निर्दोष जर्मनमध्ये विचारलं, कुठे दुखतं? बाईने चटकन डोक्यावरची टोपी सारखी केली, हात मांडीवर जोडले आणि नजर खाली घातली. कारण तशी जर्मन त्या लोकांच्या कानावर एकाच ठिकाणी पडते, एक रविवार आड कुणाच्या तरी घरी प्रार्थना भरते तेव्हा, म्हाताऱ्या धर्मोपदेशकाच्या तोंडून. आपल्याकडे दवाखान्यात डॉक्टरने कीर्तनकाराच्या थाटात ‘हे माते, तव उदरी पीडा कोणत्या स्थानी होते?’ असं विचारलं तर बाई काय सांगेल? ती नमस्कार करेल. ह्या बाईनेही जवळजवळ तेच केलं, आणि मग हळूच इंग्रजीत म्हणाली, “आय ॲम फाइन.”

ती फाइन नव्हती. तिला दोन दिवस घाम फुटत होता, डोकं ठणकत होतं, रक्तदाब चढला होता. हे तिने दवाखान्याच्या मागच्या दारी जाऊन रेखाला सांगितलं, डाइचमध्ये. डिसेंबरभर हेच चाललं. रुचाच्या खोलीत बायका फाइन असत आणि मागच्या दारी आजारी. रुचा दिवसेंदिवस अधिक शुद्ध बोलू लागली, बायका दिवसेंदिवस अधिक गप्प होऊ लागल्या. आणि रेखाला, खरं सांगायचं तर, बरं वाटत होतं. मागच्या दारी रांग लागली की तिच्या गुडघ्यांचं दुखणं जाई. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र ईस्टर आठवे आणि तिला स्वतःची लाज वाटे.

लाज वाटली म्हणूनच तिने जानेवारीत रुचाला फॅनीच्या घरी गोधडी शिवायला नेलं. मोठ्या लाकडी चौकटीवर कापड ताणलेलं, चारी बाजूंनी बायका बसलेल्या, सुया चालतायत आणि सुयांपेक्षा जिभा जास्त चालतायत. रेखाने रुचाला आपल्या शेजारी बसवलं. रुचानेही सुई चांगली धरली. मग तिला वाटलं, आपणही काही बोलावं. तिने गोधडीच्या नक्षीची स्तुती केली. वाक्य लांब, डौलदार होतं, क्रियापद शेवटी अगदी वेळेवर येऊन पोचलं.

सगळ्या सुया थांबल्या. फॅनी आता नातवंडांची धनीण झाली होती आणि बोलायला कुणाच्या बापाला भीत नव्हती. तिने चष्म्यावरून रुचाकडे पाहिलं आणि डाइचमध्ये रेखाला विचारलं, “ही आता उपदेश करणार आहे का? करणार असेल तर मी सुई ठेवते.”

चौकटीच्या चारी बाजूंनी हसू फुटलं. त्यात वाईट काही नव्हतं. पण रुचाला ते समजलं, तेवढी डाइच तिला कळतच होती. तिचा चेहरा पडला तो परत निघेपर्यंत वर आला नाही.

गाडीत बसल्यावर ती काचेबाहेरचा बर्फ बघत राहिली. मग म्हणाली, “मावशी, सॉरी, पण मी हे नाही बोलू शकत. धिस इज नॉट जर्मन. करप्ट झालेलं आहे सगळं. अर्धे शब्द इंग्लिश, ग्रामर नाही, स्पेलिंग नाही. इतकी वर्षं मेहनत करून जे शिकले ते मी मुद्दाम बिघडवायचं?”

रेखाने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. उल्हास असता तर त्याने लगेच विषय बदलला असता.

“बिघडलेलं?” ती म्हणाली. “कुठून बिघडलं गं? ही माणसं ऱ्हाइनच्या काठावरून निघाली त्याला तीनशे वर्षं होत आली. तेव्हा तुझी ती क्लासमधली जर्मन अजून धड कुणाच्या घरात पोचली नव्हती. जो तो आपापल्या गावचं बोलायचा. आजही बोलतात. बव्हेरियात एक, श्वाबियात दुसरं, उत्तरेला समुद्राकडे गेलीस तर तुझं सी-वन पाण्यात. मग सगळ्यांना एकमेकांचं लिहिलेलं कळावं म्हणून एक भाषा घडवत आणली, छापली, शाळेत शिकवली. चांगलं केलं. पण म्हणून ह्यांची भाषा तिच्यापासून बिघडून झाली असं नाही. दोघी बहिणी आहेत. एक शाळेत गेली, एक शेतात राहिली. शेतातलीने बहिणीचं काय घोडं मारलंय?”

“पण मावशी, स्टँडर्ड म्हणून काहीतरी...”

“ऐक. मी पुण्याला मेडिकलला आले तेव्हा मला फक्त अहिराणी यायची आणि पुस्तकातलं मराठी. हॉस्टेलच्या पोरी मला मुद्दाम बोलायला लावायच्या. ‘रेखा, म्हण ना, शे म्हण ना.’ मी म्हटलं की खाटेवर लोळून हसायच्या. मी वर्षभर तोंड उघडलं नाही. पोटात दुखलं तरी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं कशात? बोलल्यावर ज्याला हसतात तो माणूस गप्प बसतो, रुचा. आणि गप्प बसलेल्या पेशंटला काय होतंय हे डॉक्टरला कळत नाही. तुझ्या खोलीत सगळ्या फाइन असतात त्या का, हे आलं का लक्षात?”

वायपर उगाचच काचेवरून इकडून तिकडे फिरत होता.

“आणि अजून एक सांगते, गर्वाने सांगते,” रेखा म्हणाली. “मी आणि उल्हास एकदा जर्मनीला गेलो होतो. बर्लिनमध्ये मी तोंड उघडलं की वेटर इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचे. मग आम्ही ह्यांच्या मूळ मुलखात गेलो, पॅलॅटिनेटमध्ये. एका गावात बेकरीत गेले, साडी नेसून, आणि इथे फॅनीकडे बोलते तसं बोलून पाव मागितला. बेकरीवाली थांबली, मला खालपासून वरपर्यंत बघितलं, आणि म्हणते कशी, ‘तुम्ही पलीकडच्या खोऱ्यातल्या का हो?’ कळलं? साक्रीची बाई, तिला पलीकडच्या खोऱ्यातली वाटले मी! तुझ्या सर्टिफिकेटला हे कधी कुणी विचारलंय?”

सांगता सांगता तिचा आवाज चढला होता. रुचा हळूच म्हणाली, “पण तुम्हाला ते हसले तेव्हा राग नाही आला? इथे, सुरुवातीला?”

“हॉस्टेलमध्ये हसायचे ते मला गप्प करायला. इथे हसतात आणि लगेच बरोबर शब्द सांगतात, वर ॲपल पाय खायला देतात. दोन्ही हसण्यांत फरक आहे. तो कळायला मात्र आधी हसू द्यावं लागतं.” रेखाने गाडी सुरू केली. “तुला कुणी कधी हसलेलंच नाही. पहिला नंबर आयुष्यभर. तिथेच तुझी गोची आहे.”

हे जरा लागलं असावं. पुढचे काही आठवडे रुचा दवाखान्यात इंग्रजीच बोलली. बायका फाइनच राहिल्या. गावच्या मंडळींपैकी एकाने रेखाला बाजारात गाठून सांगितलं, पोरगी चांगली आहे पण आपल्या बायकांना तिच्यापाशी मोकळं वाटत नाही, ईस्टरनंतर कुलूप लावलेलं बरं. रेखाने मान हलवली. त्या दिवशी तिला मागच्या दारच्या रांगेचा पहिल्यांदा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. रांग तिने मोडली नव्हती. एकदाही तिने म्हटलं नव्हतं, पुढच्या दाराने जा, ती आहे.

मग फेब्रुवारीच्या शेवटी ती पायरीवरच्या बर्फावरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर कोपरापर्यंत. आणि त्याच आठवड्यात, भर दुपारी, फॅनीची नात लिडिया पहिल्या बाळंतपणासाठी बग्गीतून आली. लिडियाला ह्या जगात आणलं होतं रेखाने, तिच्या आईलाही रेखानेच. आणि आज रेखाला साधा हातमोजा चढवता येत नव्हता.

“हात तुझे, तोंड माझं,” रेखा रुचाला म्हणाली. “तू सांग, मी तिला सांगते.”

सुरुवातीला जमलंही. रुचा मराठीत सांगे, रेखा डाइचमध्ये. पण लिडिया घाबरलेली होती. वीस वर्षांची पोर, कळ आली की अंग लाकडासारखं ताठ करायची. बाळाचं डोकं खाली आलं आणि अडलं. मॉनिटरवर ठोके मंदावत, मग पुन्हा वर येत. आता प्रत्येक गोष्ट त्या त्या क्षणी व्हायला हवी होती. थांब म्हटलं की थांबायला हवं, जोर दे म्हटलं की द्यायला हवा.

“मावशी, कुशीवर वळायला सांगा. आत्ता जोर नको म्हणावं. नको, नको...”

रेखाने सांगेपर्यंत लिडियाने जोर दिलेला असे. रेखा मोठ्याने बोलली, जवळ जाऊन बोलली, तरी तेच. आणि मग तिला दिसलं की काय होतंय. लिडियाचा चेहरा पूर्णवेळ रेखाकडे होता. रुचा तिच्या पायाशी, रेखा उशाशी. पोरगी रेखाच्या तोंडाकडे डोळे लावून बसली होती, आणि जिच्या हातात तिचं बाळ होतं त्या बाईकडे तिने एकदाही पाहिलं नव्हतं. रुचा बोलली की ती ऐकतच नव्हती, रेखा काय म्हणते याची वाट बघत होती. मधला तो एक श्वास रेखामुळेच वाया जात होता.

हे समजणं सोपं नव्हतं. पंचेचाळीस वर्षं ज्या आवाजाने कळा सोप्या केल्या तोच आवाज आज मध्ये येत होता. रेखा वाकली, लिडियाच्या कपाळावर डावा हात ठेवला आणि डाइचमध्ये म्हणाली, “आता हिचं ऐक. मी बाहेर आहे.” मग मराठीत रुचाला, “मी जाते. आता तूच बोल.”

“मावशी, नाही! माझं चुकेल! मला नाही येत ते!”

“चुकू दे. तुझे हात चुकत नाहीत. तोंड चुकलं तर चुकलं.”

“मावशी, प्लीज...”

“हसतील. हसू दे,” रेखा म्हणाली, आणि नर्सला खूण करून बाहेर गेली. दार तिने लोटलं पण लावलं नाही. काही कमीजास्त झालं असतं तर आत जायला तिला दोन पावलं पुरली असती. आत जाऊन मोडक्या हाताने ती काय करणार होती हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नाही.

बाहेरच्या छोट्या स्वयंपाकघरात फॅनी बसली होती. मांडीवर विणकाम, पण सुया थांबलेल्या.

“तू का बाहेर आलीस?” तिने विचारलं.

“मी आत असले तर रुचा तुमच्या उंबरठ्याच्या आत कधीच येणार नाही,” रेखा म्हणाली. फॅनीने तिच्याकडे पाहिलं आणि पायाने स्टूल सरकवलं. रेखा बसली नाही. उभ्या आयुष्याची अब्रू तिने एका घाबरलेल्या पोरीच्या हातात ठेवली होती, आणि फॅनीची नात तिथे होती.

आतून आधी रुचाचा आवाज आला. सुरुवात पुस्तकी. पूर्ण वाक्य, मग अर्धं, मग नुसते शब्द. मग एकदम गप्प. आणि मग मोठ्याने, घाईने, “हॅब केन आंग्श्ट! केन आंग्श्ट, गं बाई, माझ्याकडे बघ, गुक, गुक!” भिऊ नको. हे रेखा रोज म्हणायची, तिच्याकडूनच पोरीने उचललं होतं. मध्येच मराठी, मध्येच डाइच, व्याकरणाला तिने मघाशीच दाराबाहेर काढलं होतं. थांब, दम घे, वळ, असं नाही तसं. मग तिने काहीतरी म्हटलं ते रेखालाही नीट कळलं नाही.

आणि लिडिया हसली. कळांनी पिळवटलेली पोर खळखळून हसली. धापा टाकत तिने रुचाला बरोबर शब्द सांगितला. रुचाने तो म्हटला. “असं?” “असं!” रुचाही हसत होती, रडत रडत हसत होती, ते दाराबाहेरही कळत होतं. ताठ धरलेलं अंग हसताना सैल पडतं, हे कुठल्याही दाईला ठाऊक असतं. “आता!” रुचा ओरडली, डाइचमध्ये, एकच शब्द, आणि मधे कुणीच नव्हतं.

बाळ रडलं. रेखा स्टुलावर बसली ती धपकन.

थोड्या वेळाने रुचा बाहेर आली. टोपी वाकडी, डोळे लाल, कपाळावरून घाम. “मुलगी,” तिने डाइचमध्ये फॅनीला सांगितलं. तिचं वाक्य थोडं चुकलं. फॅनीने ते दुरुस्त केलं. रुचाने दुरुस्त करून पुन्हा म्हटलं, लाजली नाही. फॅनी उठली, तिने रुचाचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि तिच्या तोंडाकडे नीट बघत विचारलं,

“वेम साय मेडल बिश्त दू?”

हा प्रश्न रेखाच्या एकटीचा होता. पंचेचाळीस वर्षांत बाहेरच्या दुसऱ्या कुणाला तो विचारलेला तिने ऐकला नव्हता. तिला वाटलं होतं, असं कधी झालंच तर आपल्याला झोंबेल. झोंबलं नाही.

“विवेकची,” रुचा म्हणाली.

“कोण विवेक? काय पेरतो?”

रुचाने रेखाकडे पाहिलं. रेखाने मदत केली नाही. “काही पेरत नाही. बँकेत होता.”

“गाई?”

“नाहीत.”

“घोडा? बैल?”

“एक स्कूटर आहे,” रुचा म्हणाली, आणि फॅनी इतकी हसली की तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला. रुचाही हसली. मग फॅनी गंभीर झाली. मान हलवत म्हणाली, “असा माणूस कुणाच्या लक्षात राहायचा नाही. ह्या पोरीला काहीतरी नीट नाव हवं.” तिने रेखाकडे बघितलं, प्लास्टरकडे बघितलं, लोटलेल्या दाराकडे बघितलं. तिचं ठरलं. ती खुंटीवरची शाल घेऊन बाहेर निघाली.

अंगणात बग्ग्यांपाशी पुरुष उभे होते. लिडियाचा नवरा, दोन्हीकडचे बाप, आणि त्यांच्यात गावच्या मंडळींपैकी तो बाजारात भेटलेलाही. खिडकीतून रेखाला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. फॅनीने मुलगी झाल्याचं सांगितलं. टोप्या निघाल्या. कुणीतरी विचारलं, रेखाचा तर हात मोडलाय, मग बाळंतपण कुणी केलं?

“जगन्नाथच्या रेखाच्या रुचाने,” फॅनी म्हणाली.

पुरुषांनी माना हलवल्या. जगन्नाथ कोण, हे त्यांतल्या कुणालाही विचारावंसं वाटलं नाही. जगन्नाथ सगळ्यांना ठाऊक होता. बैल ठेवणारा, दूरचा, आपल्यातलाच एक शेतकरी. बाजारात भेटलेल्या माणसाने बग्गीच्या कठड्यावरून हात फिरवत म्हटलं, मग कुलूप कशाला लावायचं?

रेखाचे वडील जगन्नाथ साक्रीच्या पलीकडे, अगदी मुंबईलाही, फारसे गेले नव्हते. त्यांना जाऊन तीस वर्षं झाली होती. त्यांच्या शेताचे तुकडे झाले, घर विकलं गेलं, त्यांच्या नातवाला अहिराणीचा शब्दही येत नव्हता. आणि इथे, बर्फात, घोड्यांच्या वाफाळत्या श्वासांमध्ये, तीनशे वर्षांच्या जुन्या जर्मनमध्ये त्यांचं नाव आणखी एक पिढी पुढे गेलं होतं. रेखाला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

रुचा तिच्याशेजारी येऊन उभी राहिली. “मावशी, काय म्हणाल्या त्या? सगळं नाही कळलं मला.”

रेखाने तिला डाव्या हाताने जवळ ओढलं. खिडकी उघडली. बाहेर थंडी होती, पुरुष वळून बघायला लागले, फॅनी बघायला लागली. हॉस्टेलमध्ये जी भाषा तिने वर्षभर गिळून ठेवली होती, तीच भाषा ती मोठ्याने, अंगणभर ऐकू जाईल अशी बोलली.

“हाई मनी पोर शे!”

ही माझी पोर आहे. कुणालाही शब्द कळला नाही. फॅनीने मात्र तिथूनच मान डोलावली, जसं काही आपण आत्ता हेच सांगत होतो.